घर क्रमांक एकशे सतरा

बारामती स्टँडवरून इंदापूरची गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली, आणि तिसऱ्या बाकावरच्या एक बाई उठून उभ्या राहिल्या.

"थांबा. एक माणूस कमी आहे."

"समदी बसल्यात, बाई," कंडक्टर म्हणाला.

"मघाशी त्रेचाळीस होती. आता बेचाळीस आहेत. हिरव्या लुगड्यातल्या आजी उतरल्यात."

आजी खरंच नळावर होत्या. बाटली भरत होत्या आणि गाडी आपल्यासाठी थांबली आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. कंडक्टर कुरकुरला, "बाई, तुमी शाळेत हाय का चेकिंगला?"

"शाळेत," बाई म्हणाल्या. आजी चढल्या तेव्हा त्यांनी अंगठा बोटाच्या पेरावर टेकवला, आणि मगच खाली बसून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्या भापकर बाई. इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याच्या काठावर एक गाव आहे. त्या गावच्या प्राथमिक शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर बारामतीत आमच्या कॉलनीत, माझ्या भिंतीला भिंत लागून राहायला आल्या. गेल्या फाल्गुनात वारल्या. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही आणि इथं ते सांगायचंही नाही. मला त्यांच्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे, आणि त्या चुकीचं इतरांनी काय केलं त्याबद्दल.

माझं काम कालव्यावर. दिवसातून दोनदा पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. कंटाळवाणं काम आहे, पण त्यानं एक सवय लागते. जे वाचलं तेच लिहायचं. अंदाजानं लिहिलेला आकडा आज कुणाला कळत नाही, चार दिवसांनी कुणाच्या तरी शेतात कळतो. बाईंचं आणि माझं जमलं ते यामुळं असावं. पहिल्याच आठवड्यात कठड्यावरून वाकून त्यांनी विचारलं होतं, "काळेभाऊ, तुम्ही पट्टी डोळ्यासमोर आणून वाचता, का उभ्यानं वरून?" मी म्हणालो, वाकून, डोळ्यासमोर. "मग ठीक आहे," असं म्हणून त्या आत गेल्या. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

डोकी मोजायची सवय त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षी लागली. मुलांना साखर कारखाना दाखवायला माळेगावला नेलं आणि परत आल्या ते एक पोर विसरून. पोर उसाच्या रिकाम्या बैलगाडीत झोपलेलं सापडलं, काही झालं नाही. पण बाईंनी दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात एक लहान फळा टांगला. वर पांढऱ्या रंगात लिहिलं, "आजची चूक". खाली खडूनं, "काल मी मुलं न मोजता गाडीत बसले. चूक करणारी: सुलोचना भापकर."

मग तो फळा रोजचाच झाला. ज्यानं चूक केली त्यानं ती स्वतः लिहायची आणि नाव घालायचं. दुसऱ्याची चूक लिहायची नाही, हा नियम. हसायचं नाही, हाही नियम. संध्याकाळी पुसायचा. बाईंचं नाव त्यावर मुलांइतकंच येई. एकदा त्यांनी वजाबाकी चुकीची शिकवली आणि रात्री लक्षात आलं. सकाळी मुलं यायच्या आधी त्यांचं नाव फळ्यावर होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पोरांसमोर आपली किंमत कमी होते." बाई म्हणाल्या, "वजाबाकी बरोबर येऊ दे, किमतीचं बघू."

त्यांच्या तोंडात एक प्रश्न कायम असे. "मोजलं कुणी?" कॉलनीत कुणी सांगितलं की लग्नाला हजार माणूस होतं, की बाईंचा प्रश्न आलाच. माझी बायको वैतागून म्हणायची, "बाई, मी आपलं सहज म्हटलं." बाई म्हणायच्या, "सहज म्हणा की. फक्त हजार म्हणू नका, पुष्कळ म्हणा."

या बाईंच्या हातून ती चूक झाली.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मतदार याद्यांचं काम शिक्षकांकडे असतं, त्या गावची यादी बाईंकडे होती. त्या घरोघर जात. खांद्याला कापडी पिशवी, तिला दोन खिसे. डाव्या खिशात चिंचोके. एक घर झालं की एक चिंचोका उजव्या खिशात. काम चालू असताना चहा घेत नसत. त्यांचं म्हणणं, चहा दिला की माणूस गप्पांत शिरतो आणि पुण्याला गेलेला मुलगाही घरातच आहे असं सांगतो.

गावाच्या टोकाला, पाण्याच्या अगदी कडेला मासेमारांची वस्ती होती. तेवीस घरं. त्यातली चौदा भोयांची. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा ते वर सरकून तिथं बसले होते. नऊ घरं बंगालकडच्या माणसांची. मासेमारीच्या ठेकेदारानं त्यांना आणलं होतं, ठेकेदार गेला, ती राहिली. त्यांची कागदपत्रं बाईंनी एकेक करून पाहिली होती, कारण पाहिल्याशिवाय त्या नाव लिहीतच नसत. पण वस्तीतल्या एकाही घराला ग्रामपंचायतीचा नंबर नव्हता. गावातली घरं एकशे सोळाला संपत. अर्जात घर क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवून चालत नव्हतं. बाईंनी पुढचा नंबर घेतला आणि तेवीसही घरांना तोच लिहिला. एकशे सतरा. समोर शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं, "घरं २३. नंबर मिळाले की बदलणे."

नंबर कधी मिळाले नाहीत. बाईंनी तीन अर्ज केले आणि मग त्यांची बदली दुसऱ्या कामावर झाली. पुढं यादी संगणकावर गेली. छापील यादीला शेऱ्याचा रकाना नव्हता. राहिलं ते एवढंच: घर क्रमांक ११७, मतदार चौऱ्याऐंशी.

दोन वर्षांपूर्वी इंदापुरात एक सभा झाली. बोलणारा तालुक्यातलाच, बाईंच्याच शाळेतला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याला नाव छापून आलेलं फार आवडतं. लोक त्याला आप्पा म्हणतात, तेवढं पुरे. यादीचं पान हातात नाचवत तो म्हणाला, "एका घरात चौऱ्याऐंशी मतदार. घर हाय का कोंडवाडा? आन् नावं वाचू का? हालदार, मोंडल. ही नावं तुमच्या आज्यापंज्यानं ऐकली होती का? घुसखोर हायेत. सीमा ओलांडून आल्यात आन् आपल्या पोरांच्या नोकऱ्या खात्यात."

त्या चौऱ्याऐंशीत बंगालकडची एकतीस होती. त्रेपन्न भोई होते, ज्यांच्या आज्यापंज्यांच्या विहिरी त्या पाण्याखाली आहेत. नोकरी म्हणाल तर वस्तीत एकच होती, अंगणवाडीतल्या मदतनिसाची.

भाषण मोबाईलवर फिरलं. माझ्या फोनवर ते सोमवारी आलं तेव्हा आकडा चौऱ्याऐंशी होता. बुधवारी आठशे चाळीस झाला. शनिवारी पणदऱ्याच्या माझ्या चुलतभावानं पाठवला तेव्हा आठ हजार चारशे होता. त्या गावचे एकूण मतदार तीन हजारांच्या आत आहेत. मी भावाला फोन करून हे सांगितलं.

तो म्हणाला, "आरं, आकड्याचं काय घिऊन बसलाय. हायेत तर खरी."

"तू पाहिलीस?"

"पाह्यला कशाला पायजे?"

"तुझा ऊस तोडायला कोण येतं?"

"ते बीडकडचे. ते आपले."

"आणि द्राक्षाच्या छाटणीला?"

"ते बिहारचे. पर ते कामाचे हायेत, सीझन झाला की जात्यात." मग थोडं थांबून म्हणाला, "तुला काय त्यांचा पुळका आलाय?"

मी फोन ठेवला. मला तेव्हा आणखी बोलायला हवं होतं. नाही बोललो. हा माणूस माझ्या मुलीच्या लग्नात चार दिवस राबलेला. त्याच्या तोंडून ते सगळं इतक्या सहज आलं की मला रागही आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

बाईंनी भाषण माझ्या फोनवर ऐकलं. घर क्रमांक आला तशा त्यांनी हात वर केला, "परत लावा." परत ऐकलं. मग घरात गेल्या आणि तासाभरानं एक जुनी जाड वही घेऊन आल्या. यादी देण्याआधी त्यांनी तिची नक्कल हातानं करून ठेवली होती. एकशे सतराचं पान उघडलं. पेन्सिलीचा शेरा फिकट झाला होता, पण वाचता येत होता.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "बाई, चूक कसली. नंबरच नव्हते."

"नव्हते तर नाही असं लिहायचं होतं. मी आकडा घातला. बघितला नसताना आकडा घातला, काळेभाऊ."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना इंदापूरला घेऊन गेलो. आप्पाच्या ऑफिसात बारा खुर्च्या होत्या आणि एकोणीस माणसं. बाई दिसताच तो उठला. पाया पडला. चहा सांगितला, शाल मागवली. बाईंनी शाल टेबलावर ठेवली आणि वहीचं पान त्याच्यापुढं केलं. त्यानं ते शेवटपर्यंत वाचलं. बोट ठेवून वाचलं, शाळेत वाचायचा तसंच.

"बाई, तुमचं बरोबर हाय," तो म्हणाला.

"मग तसं सांग. जिथं बोललास तिथंच."

"आता ते भाषणात गेलं, बाई. मागं घ्यायला येत न्हाय."

"का येत नाही? शाळेत घेत होतास की. फळ्यावर तुझं नाव किती वेळा लिहिलंयस तू."

त्याच्याभोवतीची माणसं हसली. तोही हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, आकडा चुकला आसंल. मुद्दा खरा हाय."

"मुद्दा कशावर उभा आहे? त्या आकड्यावरच ना?"

"मुद्दा लोकांच्या मनात हाय. मी फकस्त बोललो."

त्यातला एक जण मध्येच म्हणाला, "बाई, एक सांगा. त्या नऊ घरांत आपली किती आन् त्यांची किती?" त्याला कुठला देव ते विचारायचं होतं.

बाई म्हणाल्या, "त्या यादीत तो रकाना नाही."

परत येताना गाडीवर मागं बसून त्या एकच वाक्य बोलल्या. "त्याला माहीत आहे, काळेभाऊ. न कळून बोलत असेल असं मला वाटत होतं."

पुढच्या आठवड्यात गावात ग्रामसभा होती, शाळेच्या पटांगणात. मी अर्धी रजा काढली. दोनशेच्या आसपास लोक होते. वस्तीतून भोयांचे तुकाराम आबा आले होते आणि शेफाली आली होती.

शेफालीबद्दल दोन शब्द. ती सात वर्षांची असताना बापाबरोबर आली. मराठी येत नव्हतं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी तिला मासे मोजायला सांगितले, कारण तिला येत असेल असं तेच एक होतं. ती वीस-वीसचे ढीग करून मोजायला लागली. तुकाराम आबाही मासे तसेच मोजत, एक इसा, दोन इसा. बाईंना याचा इतका आनंद झाला की त्यांनी आबांना शाळेत बोलावलं आणि दोघांना शेजारी बसवून मोजायला लावलं. ती शेफाली आता अडतीस वर्षांची होती. दोन मुली, नवरा होडी चालवणारा, आणि वस्तीतली ती एकुलती नोकरी तिची. सभेत ती भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी तिला सांगितलं होतं, "तू काही बोलू नको. माझं आहे ते मी निस्तरते."

व्हरांड्यात तो लहान फळा अजून होता. पुष्कळ वर्षं कुणी त्यावर लिहिलं नव्हतं. बाईंनी खडू मागितला आणि लिहिलं, "आजची चूक: घर क्रमांक ११७. चूक करणारी: सुलोचना भापकर." मग वळून सगळं सांगितलं. तेवीस घरं, न मिळालेले नंबर, तीन अर्ज, शेरा.

मागून एक जण म्हणाला, "बाई, याचं किती मिळालं?"

दुसरा म्हणाला, "एवढं हाय तर तुमच्या घरात ठिवा की त्यास्नी."

"माझ्या घरात दोन खोल्या आहेत," बाई म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी माणसं मावायची नाहीत. त्या घरातही मावली नसती. तेच सांगतेय मी."

लोक हसले. तुकाराम आबा उठले. "माजं नाव बी त्याच नंबरात हाय. चार इसा आन् चार मानसं, त्यात मी बी एक. आमचं गाव पाण्यात गेलं तवा आमी बी हितं वर घुसलोच की. मग मला कुठं धाडताय?" पुन्हा हसू झालं. मला वाटलं, संपलं हे.

तेव्हा आप्पाचा एक माणूस शांतपणे उठला. "बाईंनी चूक कबूल केली, त्याबद्दल आभार. म्हंजे यादी चुकीची हाय हे गावासमोर शाबित झालं. बास. आमचं येवढंच म्हणणं व्हतं."

संध्याकाळपर्यंत चित्रफीत सगळीकडं गेली. बाईंचं तोंड, फळा, आणि एवढंच वाक्य: "मतदार यादीत चूक मी केली." वर मथळा, निवृत्त शिक्षिकेची कबुली. तेवीस घरं कापली होती. अर्ज कापले होते. शेरा पुन्हा एकदा गेला होता.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं आहे. पाण्याच्या पाळीवरून शेतकरी माझ्या तोंडावर खोटं बोलतात आणि मला त्याचं काही वाटत नाही, त्यांचं पीक जळत असतं. पण एका बाईचं खरं घेऊन, तेच मधे कापून, त्याचं खोटं करायचं, आणि तेही तिच्याच हाताखाली मुळाक्षरं गिरवलेल्यांनी. माझ्याकडे याला शब्द नाही. उष्ट्यात हात गेल्यासारखं वाटतं आणि धुवायला पाणी सापडत नाही.

दोन दिवसांनी फाट्यावर फलक लागला. आप्पाच्या वाढदिवसाचा जुना फलक होता, त्याच्याच बांबूला खाली बांधला होता. "घुसखोरांनो, आठ दिवस. नंतर जबाबदारी आमची नाही." वाढदिवसाच्या फलकावर तो हात जोडून हसत होता.

मग जाळी कापली गेली. नऊ घरांतल्या चारांची. शेफालीच्या नवऱ्याची होडी सकाळी पाण्यात अर्धी बुडालेली सापडली, तळाला कुऱ्हाडीचे घाव. इंदापूरच्या बाजारात त्यांचे मासे नेहमी घेणारे दोन व्यापारी म्हणाले, आमचं काही म्हणणं नाही, पण सध्या नको. आणि चौदा भोईघरांच्या दारांवर कोळशानं एक शब्द आला, "मराठी". तो बाहेरच्यांनी लिहिला नव्हता. घरच्यांनीच लिहिला होता, येणाऱ्यांना कुठली दारं सोडायची ते कळावं म्हणून.

बाईंना फोन यायला लागले. माझ्यासमोर एक आला. त्यांनी आवाज मोठा ठेवला होता.

"म्हातारे, लई शानपणा करू नगं. तुज्या दारात बी रॉकेल पोचतंय."

बाई म्हणाल्या, "देवकात्यांचा संदीप ना रे? आईचे गुडघे कसे आहेत?"

फोन बंद झाला. मला हसू आलं, ते मी आवरलं, कारण बाई हसत नव्हत्या. त्यांनी फोन उलटा ठेवला. "फाट्यावरचं ते त्याला वाचता येतं," त्या म्हणाल्या, "ते मी शिकवलंय."

आठव्या दिवशी सकाळीच आम्ही वस्तीवर गेलो. बाईंनी रीतसर तक्रार दिली होती. फाट्यावर पोलिसांची गाडी उभी होती. नऊपैकी सात घरं रिकामी झाली होती, पहाटे टेम्पो आला होता. कुठं गेली ते भोयांनी विचारलं नव्हतं. शेफाली आणि तिच्या शेजारचं एक घर तेवढं उरलं होतं. शेफालीच्या मुली भांडी पोत्यात भरत होत्या.

"बाई, आमी जातो," ती म्हणाली. "तुमास्नी आमच्यापायी तरास."

"तुझ्यापायी नाही. माझ्या नंबरापायी. पोतं खाली ठेव."

बाईंनी प्लॅस्टिकची खुर्ची तिच्या दारात मांडली, मांडीवर वही घेतली आणि बसल्या. ऊन चढलं. शेफालीनं चहा केला, बाईंनी घेतला नाही. मी ओळखलं, काम चालू आहे.

चारच्या सुमारास मोटरसायकली आल्या. एकतीस. मी मोजल्या, बाईंनीही मोजल्या, वहीत एकेक नंबर लिहीत. पोरांच्या तोंडाला रुमाल होते. घोषणा झाल्या. बाई उठल्या नाहीत. घोषणा थोड्या कमी झाल्यावर नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "संदीप, रुमाल काढ. आवाज ओळखते, डोळे नाही ओळखणार? गणेश, तू पण. तुझा भाऊ कुठाय? तो आला नाही ना? त्याला सांग, बाईंनी विचारलं होतं."

दोघा-चौघांनी गाड्या वळवल्या. रुमाल कुणी काढला नाही. बाकीचे इंदापूरकडचे होते, त्यांना बाई कोण हे माहीत नव्हतं. ते हसत राहिले. एक दगड पाण्याच्या पिंपावर लागला, एक खुर्चीजवळ पडला. मग फाट्यावरचे पोलीस पायी येताना दिसले तसे सगळे निघाले. जाताना एक जण शेफालीच्या थोरल्या मुलीकडे बघून जे बोलला ते मी लिहिणार नाही. मुलगी तेरा वर्षांची होती. तिला मराठी उत्तम येत होतं, तिला त्यातला शब्द न् शब्द कळला.

एकही घर जळलं नाही. त्यामुळं बातमी झाली नाही.

शेफाली त्यानंतर नऊ दिवस राहिली. मासे कुणी घेत नव्हतं आणि मुलगी शाळेला जायला तयार नव्हती. दहाव्या दिवशी ती नवरा-मुलींसह गेली, शेजारचं ते एक घरही गेलं. जाताना बारामतीला उतरून बाईंना भेटली. बाईंनी तिला थांब म्हटलं नाही. मुलींना गाडीत बसवलं, खालून चार डोकी मोजली, आणि गाडी वळेपर्यंत स्टँडवर उभ्या राहिल्या.

महिन्याभरानं आप्पाची पुन्हा सभा झाली. "खरे असते तर पळाले असते का?" असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. माझ्या चुलतभावानं तेही मला पाठवलं.

बाई मात्र ग्रामपंचायतीच्या मागं लागल्या. चौथा अर्ज, पाचवा, सहावा. दर मंगळवारी इंदापूरची गाडी. माझी बायको म्हणाली, "आता कुणासाठी, बाई?" त्या पुढच्या मंगळवारीही गाडीत बसल्या. शेवटी ठराव झाला. वस्तीला नंबर मिळाले, एकशे सतरा भागिले एकपासून एकशे सतरा भागिले तेवीसपर्यंत. रंगवायला माणूस पाठवायला पंचायतीला सवड नव्हती. बाईंनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि दोन ब्रश विकत घेतले.

मी त्यांना तिथं शेवटचं घेऊन गेलो तो दिवस. पिशवी खांद्याला, डाव्या खिशात चिंचोके. तुकाराम आबांच्या दारावर कोळशाचा शब्द अजून होता. बाई थांबल्या.

"आबा, हे पुसा. दारावर नंबर असतो. खुलासा नसतो."

आबा खाली बघत म्हणाले, "पोरानं लिवलं व्हतं, बाई. भ्यालो आमी." त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसायचा प्रयत्न केला. कोळसा पसरला. बाईंनी त्या काळ्या डागावरच पांढरा नंबर काढला आणि एक चिंचोका उजव्या खिशात टाकला.

चौदा दारं झाली. मला वाटलं आता परत फिरतील. त्या पुढं गेल्या. रिकाम्या घरांपैकी दोनांचे पत्रे कुणी नेले होते, एकात शेळ्या बांधल्या होत्या. त्या प्रत्येक दारापुढं थांबत होत्या, नंबर काढत होत्या, चिंचोका टाकत होत्या. शेफालीचं घर शेवटचं होतं. कडीला सुतळी बांधलेली.

मी म्हणालो, "बाई, इथं कुणी नाही."

"घर आहे," त्या म्हणाल्या. "आधी घर लिहितात. माणसं आली की त्यांची नावं लिहू."

तेवीसमधला तीन त्यांनी दोनदा गिरवला. रंग ओला होता. शेजारच्या घरातली एक शेळी सुटून दाराला अंग घासायला आली. बाईंनी तिला हाकललं नाही, नुसत्या मधे उभ्या राहिल्या. मी गाडी आणायला गेलो, वळवून परत आलो, तरी त्या तिथंच होत्या. एका हातात डबा, दुसरा हात शेळीच्या कपाळावर, पाठ दाराकडं.

"चला, बाई. उशीर होतोय."

"वाळू दे," त्या म्हणाल्या.